पाच नंबरचे नातेवाईक

“तुम्ही हाक मारलीतच कशी?”

“तोंडातून निघून गेली गं.”

“तोंडातून शिंक निघून जाते, आई. नाव नाही जात.”

“माझ्या तोंडातून जातं. सत्तावीस वर्षं तेच चाललंय.”

“ती लोकांची नावं. कागदावर लिहिलेली असतात, तुम्ही वाचता. याचं कुठे लिहिलं होतं? कोणी लिहिलं होतं?”

“नव्हतं लिहिलं, म्हणून तर...”

“म्हणून तर काय?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. बायकांच्या वॉर्डात, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर सून उशीला टेकून बसली होती. चार दिवसांची बाळंतीण, पोटावर टाके, डोळ्यांखाली काळं. एवढी चिडलेली, पण आवाज असा खालचा की शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून दमली, तिच्या हाती काही लागेना. सून वाचनालयात काम करायची. दहा वर्षं तिथे काढलेल्या माणसाचा राग आवाजात चढत नाही, नजरेत उतरतो. सासूबाईंना वाटलं, हिने एकदा खच्चून ओरडावं आणि मोकळं व्हावं.

खाटेच्या पायथ्याशी मुलगा उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आत्ता त्याची गत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखी झाली होती. वर बायको, खाली आई, दार कुठलंच उघडेना.

“नाव काही वाईट नाहीये तसं,” तो म्हणाला.

दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं.

“मी डबा धुऊन आणू का?”

“धुतलाय,” दोघी म्हणाल्या.

या सासूबाईंना दवाखान्यात सगळे माईकबाई म्हणतात. तळमजल्यावर ओपीडीचं दालन आहे, त्यात बाकांच्या आठ रांगा, आणि डॉक्टरांच्या दाराशी एक उंच स्टूल. स्टुलावर माईकबाई, मांडीवर केसपेपरांची चळत. वरचा कागद उचलायचा, नाव वाचायचं, हाक मारायची. काम एवढंच. पण त्या हाकेला औषधाच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस वळून बघतो आणि फाटकाशी चहा पिणारा कप खाली ठेवतो. एकदा कोणा भल्या माणसाने दालनाला खराखुरा माईक भेट दिला. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यात एक हाक मारली आणि तपासणीच्या खोलीतून मोठे डॉक्टर कानावर हात ठेवून बाहेर आले. माईक कपाटात गेला. त्याचं नाव मात्र बाईंना चिकटलं.

मुळात त्या फरशी पुसायला लागल्या होत्या. नवरा तापाचं निमित्त होऊन गेलेला, मुलगा चार वर्षांचा, पदरात सातवीपर्यंतचं शिक्षण. त्या वेळी हाका मारायचं काम एका म्हाताऱ्या कंपाउंडरकडे होतं. एका सकाळी त्याचा घसा साफ बसला. बादली घेऊन चाललेल्या बाईसमोर त्याने कागद धरला आणि खुणेने सांगितलं, तू वाच. बाईंनी बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि वाचलं. समोरच्या रांगेतली पंधरा-वीस माणसं एकदम उभी राहिली.

“अहो, एकालाच बोलवायचंय,” कंपाउंडर नसलेल्या घशातून म्हणाला.

तेव्हापासून बादली दुसरीच्या हातात गेली आणि कागद बाईंच्या. पहिली हाक सरळ मारायची. दुसरी जरा लांबवायची, कारण माणसाचा डोळा लागलेला असू शकतो. तिसरी उभं राहून. तीन हाकांनंतरही कोणी उठलं नाही, तर ‘गैरहजर’ म्हणून कागद बाजूला टाकायची पद्धत होती. बाईंनी ती कधी पाळली नाही. त्या कागद चळतीच्या तळाशी सरकवतात. गेला असेल लघवीला, गेला असेल कोणाला शोधायला, येईल. दुपारी दालन रिकामं झालं की तळाचे कागद पुन्हा निघतात, आणि रिकाम्या बाकांपुढे पुन्हा तीन तीन हाका. कितीदा तरी कोणीतरी फाटकापासून धापा टाकत आलेलं आहे. आणि जो कोणी उठून दाराशी येईल त्याला बाई खालच्या आवाजात म्हणतात, “आलात, बरं झालं.” लोकांना वाटतं, बोलायची रीत आहे. बाईंना मात्र दर वेळी खरोखरच बरं वाटलेलं असतं. कोणीच न आलेले कागदही त्यांनी बघितलेत.

सून अगदी दुसऱ्या टोकाची. वाचनालयात नवी पुस्तकं नोंदवायचं काम तिचं. एकेका पुस्तकाचं कार्ड करायचं, बारीक, नेटक्या अक्षरात, आणि ते लाकडी खणात आपल्या जागी लावायचं. तिचा एकच नियम: पुस्तक हातात आल्याशिवाय कार्ड करायचं नाही. निघालंय म्हणतात, वाटेत आहे म्हणतात, उद्या नक्की म्हणतात. म्हणू देत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिला महिनाभर तिला दचकून दचकून ताप यायचाच बाकी राहिला होता. माईकबाईंनी स्वयंपाकघरातून “जेवायला चला” म्हटलं की शेजारच्या घरातली मुलं हात धुवायला पळायची. सून मात्र आतल्या खोलीतून काहीतरी सांगायची आणि माईकबाई दारात येऊन म्हणायच्या, “काय म्हणालीस? ओठ हलले नुसते.” हळूहळू दोघींचं जमलं. सासू एक पायरी खाली उतरली, सून अर्धी पायरी वर चढली.

आणि मग सून गरोदर असताना, सातव्या महिन्यात, भाजी निवडता निवडता माईकबाईंनी आपण होऊन सांगितलं होतं, “नाव तू ठेवायचंस. मी मध्ये पडणार नाही.”

“नक्की?”

“लिहून देऊ?”

“नको. तुमचा शब्द पुरे.”

त्या शब्दाचंच आता वॉर्डात भांडण चाललं होतं.

बाळ यायचं होतं फेब्रुवारीत. ते आलं नाताळच्या दिवशी, सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना, सहा आठवडे आधी. ओपीडी बंद. रिसेप्शनवाल्या मुलीने दर्शनी भागात कागदाचा मोठा तारा टांगला होता, तोही तिरका. जिन्याच्या कठड्यावर बर्फ म्हणून कापूस लावलेला, आणि त्यातला थोडा रोज ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स उसना न्यायची. लहान मुलांचे डॉक्टर सुट्टीला निघाले होते. गाडीत बायको बसलेली, मागे सामान भरलेलं, फक्त चष्मा विसरला म्हणून ते वर आले आणि त्यांना जिन्यात सिस्टरने गाठलं. गाडी दुपारपर्यंत तशीच उभी राहिली. पावणेदोन किलोचा मुलगा. काचेच्या पेटीत ठेवला, नाकाला नळी लावली. पेटीवर कार्ड लावलं: ५. खाली आईचं नाव आणि ‘मुलगा’. बस्स.

त्या दिवसापासून नावांचा पाऊस. सण अंगावर घेऊन आलेलं बाळ, त्याला सणाचंच नाव पाहिजे, यावर सगळ्या मजल्यांचं एकमत.

“नोएल,” पेट्यांच्या खोलीतली सिस्टर म्हणाली. “छोटं, गोड.”

“इमॅन्युएल,” डॉक्टर म्हणाले. “अर्थ चांगला आहे. देव आपल्यासोबत.”

“तारक,” रिसेप्शनवाली म्हणाली. “मी तारा लावला, आणि तासाभरात हा आला.”

“सांता,” मुलाच्या कामावरच्या माणसाने फोनवर सांगितलं, आणि स्वतःच हसून बेजार झाला.

माईकबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, आणि प्रत्येक नाव मनातल्या मनात दालनात टाकून बघायच्या. नोएल: शेवटी तोंड मिटतं, तिसऱ्या रांगेत हाक संपते. इमॅन्युएल: नाव पुरं होईपर्यंत माणूस तपासून घरी जाईल. तारक चांगलं, पण गर्दीत कडक लागतं, कोणावर तरी खेकसल्यासारखं. चार नावं, आठ नावं, अकरा नावं. आणि मग बसमध्ये खिडकीशी बसलेल्या असताना त्यांच्या ओठांवर आपसूक एक आलं. उल्हास. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. ओठ आधी गोल होतात आणि ‘ल्हा’वर तोंड पुरतं उघडतं, आवाज सुटतो तो पार जिन्यापर्यंत. आणि अर्थ तर बघा. त्या सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बोळात उभं राहून आतून पहिलं बारीक रडणं ऐकलं तेव्हा छातीत जे झालं, त्याला दुसरा शब्द कुठला?

त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. शब्द दिला होता. सुनेला कोणी नावाचं विचारलं की ती म्हणायची, “पेटीतून बाहेर येऊ दे. घरी येऊ दे. मग बघू.” माईकबाईही तिच्या सुरात सूर मिळवून म्हणायच्या, “हो, मग बघू.” आणि बसमध्ये, पाणी भरताना, जिना चढताना तेच नाव गोळीसारखं जिभेखाली धरून ठेवायच्या.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या वर जाऊन पेट्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. बोळ गच्च भरलेला. कोणाचं मूल रडतंय, कोणी फोनवर बोलतंय, कोणी भिंतीला डोकं टेकून झोपलंय. दार उघडलं. सिस्टर मास्क लावून बाहेर आली, हातात चिठ्ठी. ती काहीतरी म्हणाली, ते मास्कमध्येच राहिलं. पुन्हा म्हणाली. कोणाचं लक्ष नाही. माईकबाईंना एवढंच कळलं की कोणाला तरी बोलवायचंय आणि आवाज पोचत नाहीये. हे त्यांना कधी बघवत नाही. त्या उठल्या.

“द्या इकडे.”

चिठ्ठी हातात घेतली. तिच्यावर पाचाचा आकडा. नावच नाही. सत्तावीस वर्षांत त्यांनी माणसाला आकड्याने बोलावलं नव्हतं. छाती तर भरून घेतलेली, तोंड उघडलेलं. आणि जिभेखालचं सुटलं.

“उल्हासचे नातेवाईक.”

बोळ चिडीचूप झाला. रडणारं मूल थांबलं. झोपलेला माणूस उठून उभा राहिला, पण तो दुसऱ्याच कोणाचा होता. माईकबाई सवयीप्रमाणे मान वळवून बघू लागल्या, कोण येतंय. कोणी येईना. त्यांनी दुसरी हाक मारली, जरा लांबवून. तरी कोणी नाही. तिसरीसाठी छाती भरत होत्या, तेवढ्यात सिस्टरने त्यांच्या दंडाला हात लावला.

“मावशी, पाच नंबर तुमचाच आहे.”

मग बोळ हसला. माईकबाईही हसल्या, आणि हसता हसता बाकावर बसल्या. बातमी चांगली होती. बाळाला नळीने दिलेलं दूध पचलं होतं, आईचं आणखी दूध हवं होतं. पण तासाभरात नाव सगळ्या मजल्यावर झालं. चहावाली विचारते, उल्हासने दूध घेतलं म्हणे. दवाखान्याचा लिफ्टवाला विचारतो, उल्हासचं वजन वाढलं का. आणि संध्याकाळी सून एका हाताने भिंत आणि एका हाताने पोट धरून, पाऊल पाऊल टाकत बाळाला बघायला निघाली, तेव्हा दारावरच्या वॉचमनने अदबीने दार उघडलं आणि म्हणाला, “या. उल्हासची आई ना तुम्ही?”

हे झालं होतं. त्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर हे भांडण.

“म्हणून तर काय?” सुनेने पुन्हा विचारलं.

“नाव नव्हतं, म्हणून,” माईकबाई म्हणाल्या. “माझ्या नातवाला मी पाच नंबर म्हणू? नावाने हाक मारली की माणूस उठून येतो गं. मी रोज बघते.”

सुनेने चादरीची कड दुमडली.

“आई, मागच्या वेळी नाव ठेवलं होतं.”

मागच्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि घरात त्यावर पुन्हा कधी कोणी बोललं नव्हतं.

“कोणी ठेवलं होतं?”

“मी. कोणाला सांगितलं नव्हतं. यालाही नाही.”

मुलाने हातातला डबा हळूच खाली ठेवला.

“वाचनालयातलं एक कोरं कार्ड घेऊन त्यावर लिहिलं,” सून म्हणाली. “नीट, शाईने. आपलाच नियम मोडला. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. फाडवत नाही, आणि लावायला जागाही नाही. म्हणून म्हणत होते, थांबा.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड भिंतीकडे वळवलं.

माईकबाईंच्या ओठांवर प्रश्न आला होता, काय नाव होतं? तो त्यांनी गिळला. असा प्रश्न गिळायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल. त्या सुनेच्या पायांशी बसल्या आणि चादरीवरून तिचे पाय दाबू लागल्या.

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणून काय उपयोग? लिफ्टवाल्यालाही पाठ झालंय.”

“मी परत घेते.”

“हाक परत घेता येते का?”

“घेऊन बघते.”

त्याच दुपारी माईकबाई हाक परत घ्यायला निघाल्या. आधी वॉचमन.

“ते नाव घेऊ नका. अजून ठरलेलं नाही.”

“मग काय म्हणू?”

“बाळ म्हणा.”

“बाळं आत नऊ आहेत, माईकबाई.”

“मग आमचं बाळ म्हणा.”

“तुमचं बाळ कसं म्हणू? नवा कोणी ऐकेल आणि तुमच्या वयाकडे बघेल.”

चहावालीने कपाळावर हात मारला. तिने म्हणे गावाकडे बहिणीला फोन करून नाव कळवलंसुद्धा होतं. “आता तिला काय सांगू? परत गेलं म्हणून?” लिफ्टवाला म्हणाला, ठीक आहे, पण माझ्याकडून चुकून निघालं तर रागावू नका, तुमच्यासारख्यांकडून निघतं तर मी कोण. सगळ्यात अवघड गेली ती सिस्टर. तिने पेटीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने नाव लिहून ठेवलं होतं.

“सकाळी त्याचं ताप-बीप बघताना बोलायला बरं पडतं हो, मावशी. आकड्याशी काय बोलणार?”

“मला काय सांगतेस? मी त्याच कारणाने अडकले ना.”

सिस्टरने खोडरबर आणलं. माईकबाईंनी काचेतून बघितलं नाही. जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

वॉर्डात परत आल्या तेव्हा सून जागीच होती.

“झालं. सगळ्यांना सांगून आले.”

“चहावालीला?”

“तिलाही. तिच्या बहिणीपर्यंत.”

“आणि तुम्ही?”

“मी काय?”

“मनात?”

“मनातलं कसं पुसू? तिथे खोडरबर घेऊन कोण सिस्टर जाणार?”

सून हसली आणि लगेच पोट धरलं. “हसवू नका हो, टाके ओढतात.”

त्यानंतरचे दिवस माईकबाईंच्या आयुष्यातले सगळ्यात हळू आवाजाचे दिवस होते. सुनेला घरी सोडलं, बाळ पेटीतच. सकाळ-संध्याकाळ सून यायची. दुपारचा अर्ध्या तासाचा भेटीचा पास तिने सासूच्या हातात ठेवला होता, न बोलता, जेवणाच्या डब्यावर. माईकबाई हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन चढवून पाचव्या पेटीशी बसायच्या. पहिले दोन दिवस त्या तोंडच उघडेनात.

“बोला की त्याच्याशी,” सिस्टर म्हणाली. “ऐकू येतं त्यांना.”

“भीती वाटते. माझ्या तोंडाचा भरवसा नाही.”

मग त्यांना एक युक्ती सुचली. त्या सकाळी ज्यांना हाका मारल्या, त्यांची नावं त्या बाळाला सांगू लागल्या. आठवतील तशी, एकामागून एक, आणि कोण कसं उठून आलं तेही. आज एक आजोबा काठी विसरून आले, मग काठी घ्यायला परत गेले, मग पुन्हा आले. एक बाई पहिल्या हाकेला दोन मुलं काखेत मारून उठली. एकाचं नाव तळाशी ठेवलं होतं, तो शेवटी आला, आला बरं का. बाळ डोळे मिटून पडलेलं असायचं, बोटभर छाती वर-खाली व्हायची. नाकातली नळी निघाली त्या दिवशी माईकबाईंनी पूर्ण एकशे चार नावं सांगितली.

लहान मुलांचे डॉक्टर बोळात भेटले तेव्हा त्यांनी हात जोडले.

“तुमची सुट्टी बुडाली आमच्यापायी.”

“बुडू दे. बायको अजून बोलत नाही, तेवढंच.”

“मी येऊन सांगू का त्यांना?”

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, “नको, नको. तुमचा आवाज... नको.”

माईकबाईंना राग येण्याऐवजी डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले. पेट्यांच्या खोलीत राबणाऱ्या सगळ्यांबद्दल त्यांना तसंच वाटत होतं. घरी जाताना बसमध्ये त्या मोजायच्या, आज कोणाकोणाचे उपकार झाले. फरशी पुसणारी, नळी बदलणारी, काचा पुसणारा, चष्मा विसरलेला. उतरायचा थांबा यायचा तरी यादी संपायची नाही.

एका दुपारी त्या अशाच हळू आवाजात सांगत बसल्या होत्या, आणि मागे कोणीतरी असल्यासारखं वाटलं. गाऊन घातलेली सून उभी होती.

“कधी आलीस?”

“अठ्ठेचाळिसाव्या माणसापासून ऐकतेय.”

“संध्याकाळी येणार होतीस ना?”

“राहवलं नाही.” ती पेटीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. “इतक्या हळू बोलता येतं तुम्हाला?”

“इथे सगळे झोपलेत ना.”

“घरी पण झोपतात माणसं, आई.”

सिस्टर तोंड फिरवून हसली. सुनेने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या तळव्याखाली बोट ठेवलं. बाळाने ते धरलं.

“एवढ्या नावांत त्याचं नाव एकदाही नाही घेतलंत,” ती म्हणाली.

“त्याला नावच नाहीये अजून.”

सुनेने बोट सोडवून घेतलं नाही.

विसाव्या दिवशी बाळ दोन किलो तीनशे झालं आणि डॉक्टरांनी कागदावर सही केली. मुलगा गाडी बघायला गेला. सासू-सून बाळाला घेऊन जन्मनोंदणीच्या खोलीत बसल्या. टेबलाच्या पलीकडे कारकून, समोर शिक्क्यांचा डबा. बाळ माईकबाईंच्या हातांत, दोन कपड्यांत गुंडाळलेलं, टोपीतून नाक तेवढं बाहेर. काच मध्ये न ठेवता त्या त्याला पहिल्यांदाच बघत होत्या. मान खाली घालून बघत होत्या, दुसरीकडे कुठे बघायची गरजच उरली नव्हती.

“काय लिहायचं?” कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. “नाताळचं आहे. नोएल? या आठवड्यात चार नोएल केलेत मी.”

“रिकामं सोडता येतं ना?” माईकबाईंनी मान वर न करता विचारलं.

“येतं. फक्त मग परत यावं लागतं.”

“परत येऊ. घर इथून लांब नाही.”

“नाही,” सून म्हणाली. “आजच लिहिते.”

तिने पेन उघडलं. ‘मुलाचं नाव’ असं लिहिलेल्या रकान्यापाशी टोक नेलं आणि थांबली.

“आई, मी नावं काढली होती. घरी बसून. बरीच होती, चांगली होती.”

“मग लिही की.”

“त्या दिवशी वॉचमनने मला ‘उल्हासची आई’ म्हटलं ना, तेव्हा अंगाची आग झाली माझ्या. पण त्याच क्षणी पहिल्यांदा असंही वाटलं, की हो, मी कोणाची तरी आई आहे. कार्डावरच्या पाच नंबरची नाही. म्हणून जास्त राग आला. तुमचा आला, माझाही आला.” ती पेनकडे बघत बोलत होती, तिच्या नेहमीच्या आवाजात, कारकुनाला ऐकायला पुढे झुकावं लागत होतं. “आता मी कुठलंही नाव लिहायला घेतलं की ते लिहून बघते, आणि मला वॉचमनचंच ऐकू येतं. मला ते तुम्ही मारलेली हाक म्हणून लिहायचं नाहीये. आणि तुम्ही मारलीत म्हणून सोडून द्यायचं, तेही जमत नाहीये. तुम्हीच सांगा. लिहू का उल्हास?”

कारकून पेनाकडे बघत होता. माईकबाईंच्या तोंडात ‘हो’ तयार होता. जगातलं सगळ्यात छोटं अक्षर, एका श्वासाचंही काम नाही. तो उच्चारला की दिलेला शब्द मोडणार होता, नाव त्यांचं होणार होतं, कायमचं. ‘नको’ म्हणावं तर ते खोटं. आणि मांडीवरचा ऐवज तर पावला होता, पुरा दोन किलो तीनशे, गरम, झोपेत तोंड हलवणारा. याहून जास्त काही मागायला त्यांची जीभ रेटेना.

“सांगा ना, आई.”

माईकबाई उठल्या. सुनेच्या डाव्या हाताची घडी सैल केली, कोपराच्या खोबणीत बाळाचं डोकं नीट बसवलं, टोपी कानांवर ओढली. पेनाचा उजवा हात मोकळा राहील एवढं बघितलं. खाली ठेवलेली पिशवी उचलून खांद्याला लावली, आणि टेबलाला वळसा घालून, दार ढकलून बाहेर निघून गेल्या.